मधल्या शेठची पाण्यातली स्कूटर

बाबा, परवा मेथी निवडता निवडता आईनं एक वाक्य टाकलं आणि माझ्या हातातली जुडी हातातच राहिली. दोन दिवस झाले. मी दुकान उघडते, मोटारी खोलते, गिऱ्हाइकाशी बोलते, जेवते, आणि मधेच थांबते. आपण काय ऐकलं ते पुन्हा एकदा मनाशी म्हणून बघते. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही विचारावंसं वाटलं नाही, कारण सगळं मला माहीत आहे असंच मी धरून चालले होते. आईनं काय सांगितलं ते लिहितेच, पण आधी ते दिवस एकदा नीट मांडून बघते. चाळीस वर्षं ते मनात एका तऱ्हेनं बसले होते, आता तसे बसत नाहीत.

पांढुर्ण्याचं आपलं घर म्हणजे पुढे दुकान, मागे दोन खोल्या, त्यामागे स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर अंगण. तिगावचे, सावरगावचे शेतकरी जळलेल्या मोटारी सायकलला बांधून आणायचे आणि तुम्ही त्यातली करपलेली तार काढून नवी भरायचात. ऐंशीचं दशक अर्धं उलटलं होतं. मी वीस वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला रसायनशास्त्रात नापास होऊन घरी बसलेली. दुकानात मला मोटारीच्या खाचांत तारेखाली घालायचा कागद कापून द्यायची परवानगी होती, तारेला हात लावायची नव्हती. एकदा तुम्ही सावरगावला मोटर बसवायला गेलात तेव्हा मी एक टेबलफॅन नव्या तारेनं गुंडाळून टाकला. वेढे मोजून, गाठी आवळून, तुमच्यासारखाच. संध्याकाळी तुम्ही आलात, बटण दाबलं, पंखा फिरला. तुम्ही दोन मिनिटं त्याच्या वाऱ्यात उभे राहिलात. मग पंखा बंद केलात, पक्कड घेतलीत आणि माझी सगळी तार तुकडे करून बाहेर काढलीत. "हे काम केलं का हात काळे होतात," तुम्ही म्हणालात. "अन् पाहुणे आधी हातच पाहतात. पुन्हा करजो नको." आवाज चढला नव्हता. तो पंखा तुम्ही पुन्हा स्वतः गुंडाळलात आणि मी कागद कापत बसले.

अशात मधले शेठ आले. संत्र्याच्या व्यापाऱ्याचा तो मधला मुलगा, म्हणून सगळा गाव त्यांना मधले शेठच म्हणायचा. अंगानं भरपूर, हौस त्याहून भरपूर. मुंबईला कस्टमनं पकडलेल्या मालाचा लिलाव होता, तिथून त्यांनी एक यंत्र आणलं होतं. ट्रकमधून ते आपल्या अंगणात उतरवलं तेव्हा आईनं विचारलं, "हे काय, न्हाणीचं टब आहे का?" दिसायला खरंच तसं. पुढे निमुळतं, मागे उघडं, आणि पुढून एक लांब दांडा वर येतो, त्याला मोटरसायकलसारखं हँडल. बसायला जागाच नाही. पाण्यावर उभ्यानं चालवायची स्कूटर, असं शेठ म्हणाले. आता तिला जेट स्की म्हणतात हे मला टीव्हीवर कळलं. तेव्हा तिचं इंजिन ठिणगी देत नव्हतं, आतली कॉइल जळली होती, म्हणून ती तुमच्याकडे आली. तुम्ही तशी कॉइल जन्मात पाहिली नव्हती. तीन दिवसांत गुंडाळलीत. चौथ्या दिवशी दोरी ओढली आणि अंगणात असा आवाज झाला की शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या बाई चप्पल न घालता रस्त्यावर आल्या. तुम्ही अर्ध्या मिनिटात बंद केलंत आणि हसलात. तुम्हाला तसं हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

आठ दिवसांनी शेठ परत आले, खालच्या मानेनं. सौसरच्या रस्त्यावरच्या तलावात त्यांनी ते यंत्र घातलं होतं. "मिस्त्री," ते म्हणाले, "इंजिन झकास चालून राहिलं. पण मी चढलो का ते मले घेऊन खालीच बसते. अन् डोलते किती, बापा. बाहेरच्या देशातल्या सडपातळ माणसासाठी बनवेल आहे ते. तुम्हाले याचं बूड रुंद करता येईन काय?"

ते बूड फायबरचं, म्हणजे काचेच्या धाग्यांचं होतं. तुम्ही त्यावर बोटानं टकटक केलंत, कान लावलात. फायबरचं काम तुम्हाला येत नव्हतं, पांढुर्ण्यात कुणालाच येत नव्हतं. आणि तुम्ही म्हणालात, "काचेची फीत तर मी रोजच मोटारीत गुंडाळतो शेठ. हे तेच. फक्त मोठं." मी दारात उभी होते. मला तुमचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली, कारण हे तेच नव्हतं हे आपल्या दोघांनाही माहीत होतं.

नागपूरहून तुम्ही सामान आणलंत. राळेसारखं दाट रेझिन डब्यात, काचेच्या धाग्यांची गादीसारखी जाळी, आणि दोन बाटल्या. एकीत जांभळं पाणी, दुसरीत साधं, पाण्यासारखंच दिसणारं. त्याला आपण पांढरं म्हणायला लागलो. दुकानदारानं तुम्हाला सगळं समजावून सांगितलं होतं आणि तुम्ही ते पाकिटावर लिहून आणलं होतं. आधी रेझिनमध्ये जांभळं टाकायचं, ढवळायचं, मग पांढरं टाकून पुन्हा ढवळायचं, आणि पाच-सात मिनिटांत ब्रशनं जाळीवर थापून मोकळं व्हायचं. नाहीतर ते भांड्यातच दगड होतं. म्हणजे एका माणसाचं हे काम नव्हतं. एकानं कालवून द्यायचं, दुसऱ्यानं थापायचं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "हे काही दुकानातलं काम नाही," असं स्वतःशीच म्हणालात, जणू स्वतःलाच परवानगी देत होतात. "तू कालवून देजो."

पहिल्या दिवशी आपण फसलो. बुडाच्या दोन्ही बाजूंना फुगवटे चढवायचे म्हणून तुम्ही थर्मोकोल कोरून लावला आणि त्यावर रेझिन घातलं. आपल्या डोळ्यांदेखत तो थर्मोकोल चहातल्या साखरेसारखा विरघळला. दोन दिवसांचं कोरीव काम, आणि खाली नुसता चिकट चिखल. तुम्ही ब्रश धरून तसेच बसून राहिलात. मग शेठच्या गोदामातून संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या मागवल्यात. हलकं लाकूड, सहज वाकणारं. त्या फळ्यांचे पोकळ फुगवटे दोन्ही बाजूंना बसवायचे आणि वरून काचेच्या जाळीचे चार थर द्यायचे असं ठरलं. उभं राहायची मागची जागाही शेठच्या पावलांच्या मापानं रुंद करायची. जुन्या बुडाची चकाकी घासून काढायला आपल्याला सहा दिवस लागले. चकाकीवर नवं काही धरत नाही, असं तुम्ही पाचदा सांगितलंत. माझ्या हातांना पॉलिश पेपरचे फोड आले आणि काचेची कुसं कोपरापर्यंत टोचत राहिली. एप्रिल लागला होता, आईनं अंगणात कुरडया घातल्या होत्या. त्यांवर काचेची धूळ बसली. त्या सगळ्या परातीत भरून तिनं उकिरड्यावर नेऊन ओतल्या आणि आत जाऊन खिडकी लावून घेतली. तरी वास जायचा नाही. भाकरीला वास, पाण्याला वास. मला मात्र त्या वासाची भूक लागल्यासारखी झाली होती. सकाळी उठल्याबरोबर मी अंगणात. पातळ ओली जाळी ब्रशखाली आरपार होते, तिच्यातले बुडबुडे दाबून काढले की ती खालच्या लाकडाला धरते, आणि दुपारपर्यंत नखानं वाजवलं तर टणक आवाज येतो. नापास झाल्यापासून काहीतरी माझ्या हातून उभं राहतंय असं पहिल्यांदाच होत होतं.

एक दिवस मी विचारलं, "बाबा, जांभळंच आधी कायले? दोन्ही आधी एकत्र करून ठेवलं तर?"

तुम्ही थापत होतात. मान वर केली नाहीत. "नाही करायचं."

"पण कायले?"

"सांगतलं तेवढं कर बाई. दुकानदारानं तसंच सांगतलं आहे."

तुम्ही हे जरा जास्तच जोरानं म्हणालात. मनात म्हटलं, बाबांना कारण माहीत नाही आणि तसं कबूल करायचं नाही. रसायनशास्त्रात मी नापास झालेली, पण बाबांपेक्षा मला थोडं कळतं असंही वाटलं.

डावी बाजू पुरी झाली. उजवीचे दोन थर राहिले होते. त्या दिवशी ऊन असं होतं की रेझिन पाच मिनिटंही थांबत नव्हतं. मी कालवून देते, तुम्ही थापता, मी परत पळते, मोजते, ढवळते, पुन्हा मोजते, तोवर तुम्ही "आण, आण" म्हणता. एक भांडं हातातच गोठलं, ते फेकलं. तेव्हा मी ठरवलं. एका स्टीलच्या वाटीत जांभळं आणि पांढरं मोजून एकत्र करून ठेवायचं, आणि दर वेळी त्यातलं चमचाभर रेझिनमध्ये टाकायचं. निम्मा वेळ वाचेल. मला वाटलं मी हुशारी करतेय. तुमची पाठ माझ्याकडे होती. मी वाटीत जांभळं ओतलं. मग पांढऱ्याची बाटली वाकडी केली.

पुढचं मला आजही सलग आठवत नाही. तव्यावर पाणी पडावं तसा आवाज झाला. वाटीतून पांढरा धूर सरळ वर आला आणि मी बघत राहिले. वाटी हातातून सोडावी एवढंही सुचलं नाही. धुराच्या जागी जाळ झाला. माझ्या कपाळाला काहीतरी गरम चाटून गेलं. तेवढ्यात तुम्ही. तुम्ही उठलात कधी, आलात कधी, मला माहीत नाही. उजव्या हातानं तुम्ही ती वाटी माझ्या हातातून उडवलीत, रेझिनच्या डब्यापासून लांब, भिंतीकडे. पण तुमचा तो हात मनगटापर्यंत रेझिननं ओला होता. तो पेटला. बाबा, तुमचा हात पलित्यासारखा पेटला होता आणि तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही तो हात लांब धरून त्याच्याकडे असे पाहत होतात जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. आई स्वयंपाकघरातून पाण्याची घागर घेऊन धावत आली आणि तिनं ती अख्खी तुमच्यावर रिती केली, मग दुसरी. मी तिथेच उभी. माझ्या पुढच्या केसांचा जळका वास मला येत होता आणि तो कशाचा ते कळत नव्हतं.

आपल्या गल्लीतले कंपाउंडर आले. दर वर्षी पोळ्यानंतरच्या गोटमारीत, त्या दगडफेकीच्या खेळात, फुटलेली डोकी शिवून शिवून त्यांचं मन घट्ट झालेलं होतं, रक्तानं भरलेल्या माणसाशीही ते गप्पा मारत टाके घालायचे. त्यांनी तुमचा हात पाहिला आणि एक अक्षर बोलले नाहीत. ओल्या पंच्यात गुंडाळला आणि म्हणाले, "नागपूर. आत्ताच्या गाडीनं." गाडीत तुम्ही खिडकीशी बसला होतात. कुणा प्रवाशानं विचारलं काय झालं. तुम्ही म्हणालात, "चुकीनं दोन औषधं एकत्र केली मी." मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही खिडकीबाहेर पाहत होतात.

नागपूरला अठरा दिवस राहिलात. करंगळी आणि तिच्याजवळचं बोट तळव्याकडे वळली ती वळलीच. अंगठा आणि दोन बोटं हलायची, पण बारीक तार त्या बोटांत थांबायची नाही.

घरी आलात त्याच आठवड्यात सौसरचे पाहुणे मला बघायला येणार होते. आधीच ठरलेलं. तहसिलीत नोकरीला असलेला मुलगा होता. मला एक भुवई नव्हती. आईनं काजळानं काढून दिली. मुलाची आई माझ्या कपाळाकडे बघत होती, मग तुमच्या हाताकडे. मुलाच्या वडिलांनी विचारलं. तुम्ही पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून, एकेक शब्द सुटा करत सांगितलंत, "चूक माझी होती. माझ्यामुळं पेटलं. पोरगी नुसती बाजूला उभी होती." मी चहाचा ट्रे धरून होते. कप एकमेकांवर वाजायला लागले. आई पुढे झाली आणि तिनं ट्रे घेतला. ते लोक पुन्हा आले नाहीत, ते वेगळं. पण त्या दिवसापासून मी एक गोष्ट मनाशी पक्की केली, की माझा बाप माझ्यासाठी परक्या माणसांसमोर खोटं बोलला. माझं पाप त्यानं अंगावर घेतलं. पुढची चाळीस वर्षं मी त्या वाक्यावर जगले, बाबा. कुणी माझ्याशी वाईट वागलं की मी ते वाक्य आठवायची.

दुकान बंद ठेवून चालणार नव्हतं. शेतकरी दारात मोटारी ठेवून जात होते, संत्र्याला पाणी हवं होतं. तुम्ही स्टुलावर बसलात आणि मला म्हणालात, "घे." एवढंच. मी तार घेतली. तुम्ही शेजारी बसून वेढे मोजायचात, मी टाकायची. "ढिल्ला पडला. काढ." मी काढायची. "आता बरोबर." जून लागेपर्यंत तुम्ही मोजायचं सोडलंत.

आणि ती स्कूटर अंगणात तशीच पडली होती, उजवी बाजू उघडी, फळ्या दिसत. मधले शेठ येऊन गेले. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "मिस्त्री, जाऊ द्या ते. भंगारात टाकू." तुम्ही म्हणालात, "देतो शेठ पुरी करून." दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला अंगणात बोलावलंत. रेझिनचा डबा, जाळी, दोन बाटल्या, सगळं मांडलेलं. तुम्ही डाव्या हातात ब्रश घेतला होता.

"कालव," तुम्ही म्हणालात.

मी मागे सरले. "मी नाही करणार बाबा."

"करशील. मी पाहतो."

"मले भीती वाटते."

"वाटली पाहिजे," तुम्ही म्हणालात, आणि तुमचा चेहरा असा झाला की मला वाटलं तुम्ही रडणार. "आता वाटते ना. म्हणून आता तू चुकणार नाही. कालव."

मी जांभळं टाकलं. ढवळलं. तुम्ही जराही हलत नव्हतात, डोळे माझ्या हातावर. पांढरी बाटली उघडताना माझे दात वाजत होते, आणि उन्हाळा होता. काही झालं नाही. रेझिनचा रंग जरा बदलला आणि तुम्ही ब्रश पुढे केलात. ती बाजू आपण चार दिवसांत संपवली, तुम्ही डाव्या हातानं, मी दोन्ही हातांनी.

पोळा झाल्यावर तलाव भरला तेव्हा शेठनं ट्रकमधून यंत्र नेलं आणि आपल्याला जीपमध्ये घालून नेलं. काठावर दोनशे माणूस जमलं होतं. शेठ आधी गुडघे टेकून बसले. यंत्र डोललं, पण बसलं नाही. मग दांडा धरून ते हळूहळू उभे राहिले, एवढा मोठा माणूस पाण्यावर उभा, आणि इंजिनचा आवाज बदलला. ते गेले. सरळ पार त्या टोकापर्यंत गेले आणि वळून येताना पडले, आणि पुन्हा चढले. आपले थर निघून येतील, जोड सुटेल, माणूस बुडेल, एवढंच मी बघत होते. काही सुटलं नाही. ओलेचिंब शेठ काठावर आले आणि कुणीतरी विचारलं, हे बूड कुणी बनवलं. तुम्ही डाव्या हातानं माझा दंड धरलात आणि मला पुढे ढकललंत. "हिनं," तुम्ही म्हणालात. "माह्या पोरीनं. मोटारीही हेच गुंडाळते आता." दोनशे लोक माझ्याकडे पाहत होते. माझे हात काळे होते आणि ते लपवायला पदर पुरत नव्हता. तुमच्या तोंडून ते ऐकून मला जे वाटलं त्याला मी आजवर आनंद म्हणत आले, पण खरं तर तो धक्काच होता. पायाखालची जमीन हलावी तसा.

शेठनं दोन वर्षं हौस केली, मग सुटे भाग मिळेनात म्हणून यंत्र गोदामात गेलं. मी तिशीला आले तेव्हा सौसरच्या एका शाळामास्तरांनी मला काळ्या हातांसकट पसंत केलं. दुकानही मी सौसरला आणलं, बसस्टँडजवळ. तुम्ही शेवटची वर्षं इथेच माझ्याजवळ होतात, स्टुलावर. गेलात तेव्हा तो वळलेला हात मीच छातीवर ठेवला.

आता परवाचं. समोरच्या घरावरची फायबरची पाण्याची टाकी फुटली होती, एक कारागीर येऊन तिला ठिगळ लावत होता. वारा आपल्या घराकडे. आई ओसरीवर मेथी निवडत होती. चौऱ्याऐंशीची आहे, ऐकायला कमी येतं, पण नाक शाबूत आहे. तिनं मान वर केली.

"तोच वास आहे ना वो," ती म्हणाली.

"हो आई. तोच."

ती थोडा वेळ काड्या तोडत राहिली. मग म्हणाली, "मी खिडकीतून पाहिलं होतं. तू त्या वाटीत दोन्ही ओतलं ते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "खिडकी तर लावेल होती."

"फट होती. मी आवाज देणार तवर पेटलं."

"मंग तू एवढी वर्षं बोलली कायले नाही?"

"त्यायनं शपथ घातली होती." आईनं पानं बाजूला सारली. "नागपूरच्या दुकानदारानं त्यायले सांगतलं होतं, हे दोन एका भांड्यात आले का भडका उडते. सामान आणलं त्याच दिवशी मले येऊन सांगतलं. मी म्हटलं, पोरीले सांगा. तर म्हणे, सांगतलं तर ती भिऊन जाईन, मंग कालवून कोण देईन. तुले जमणार नाही, दुसरं कोणी येणार नाही. काम झालं का सांगतो म्हणे."

आई पुढे बोलत राहिली, भाजीचे भाव सांगावेत तशा आवाजात. "दवाखान्यात रडले लय. म्हणे, तिनं इचारलं होतं मले, कायले म्हणून. मी सांगतलं नाही. मी म्हटलं, आता सांगून टाका तिले. तर म्हणे, नको. तिले वाटून राहिलं का मी तिच्यासाठी खोटं बोललो. तसंच वाटू दे. खरं कळलं तर ती माह्या तोंडाकडं पाहणार नाही."

मग तिनं मला विचारलं, भाजीत डाळ टाकायची का.

बाबा, म्हणजे तुम्ही खोटं बोललाच नव्हतात. त्या गाडीत बोलला असाल, पण सौसरच्या पाहुण्यांसमोर "चूक माझी होती" असं म्हणालात ते अक्षरशः खरं होतं, आणि त्या खोलीत ते फक्त तुम्हाला आणि आईला माहीत होतं. ज्या वाक्याला मी चाळीस वर्षं तुमची माया समजले, तो तुमचा कबुलीजबाब होता. मी दोन दिवस रागवायचा प्रयत्न करतेय. मी विचारलं होतं. दोन शब्दांचं उत्तर होतं, भडका उडतो. ते दोन शब्द तुम्ही मला दिले असते तर तुमची बोटं सरळ राहिली असती. राग येतो आणि मग तो हात आठवतो, लांब धरलेला, आणि तुमचं त्याच्याकडे बघणं. तेव्हा तुम्ही काय विचार करत होतात हे आता मला कळतं. त्या क्षणी तुम्हाला माहीत होतं, आणि मला नव्हतं. माझ्या तोंडाकडे तुम्ही त्यानंतर चौदा वर्षं रोज पाहिलंत. स्टुलावर बसून. कधीतरी सांगाल असं तुम्हाला रोज वाटत असेल का? मी तार गुंडाळत असे, आणि तुम्ही तोंड उघडून परत मिटून घेत असाल. मला वाटायचं तुम्ही वेढे मोजताय.

हे कागद पुरे झाले की मी दुकानात, जुन्या मोटारींच्या मापांच्या वह्यांखाली ठेवणार. आईला वाचून दाखवणार नाही. मास्तरांनाही नाही. पण तुम्ही लपवलंत म्हणून मी एवढं लिहिलं, तर माझंही एक लिहूनच टाकते.

नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की दोन बोटं आता उघडणार नाहीत, बारीक काम जमणार नाही. आई भिंतीला टेकून खाली बसली. मी बाकावर होते आणि रडत होते, खरंच रडत होते. आणि त्याच रडण्यात माझ्या मनात आलं, की दुकानात तीन मोटारी खोलून पडल्या आहेत आणि आता त्या मलाच गुंडाळाव्या लागतील, कुणी पक्कड घेऊन माझी तार कापणार नाही. बाबा, मला आनंद झाला. डोळे पुसले तरी तो गेला नाही. औषधं आणायला खाली उतरले, रांगेत उभी राहिले, तेव्हाही तो होता. दुसऱ्या दिवशी कपडे आणायला एकटी पांढुर्ण्याला आले, तुमचं दुकान उघडलं, आणि त्या तीन मोटारींसमोर उभी राहून मी हसले.